थानावरचा घोडा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही. सिल्वासात शेजारच्या खोलीत बारा वर्षं राहिलेल्या, पोस्टात काम करणाऱ्या जोशीबाईंना — मला कोणती गोळी सोसत नाही हेसुद्धा ज्यांना ठाऊक होतं — त्यांनाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाच्या तोंडावर सांगायचं धैर्य असतं, तर हे लिहायची वेळच आली नसती. नाही का?

कुठून सुरुवात करू? बिवलकरांपासून करते. त्यांच्यापासून सुरुवात केली की मला बरं वाटतं — आणि हे बरं वाटणं अजून गेलेलं नाही, तेही सांगूनच टाकते.

पण आधी मी कोण, ते सांगायला हवं. मी देवगडकडची. ऐंशीच्या सुमारास दादरा नगर हवेलीत प्राथमिक शिक्षिका म्हणून आले. शाळा खानवेलच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका वारली गावात. गावाचं नाव लिहीत नाही. त्याचा यात काही दोष नाही. राहायला मी सिल्वासात. सकाळी बसने जायचं, संध्याकाळी मिळेल त्या जीपने परतायचं. तेव्हा सिल्वासाभोवती कारखान्यांच्या शेड नुकत्या उभ्या राहत होत्या. धुळ्याकडची पोरं पत्र्याच्या एकेका खोलीत आठ-आठ जण राहायची आणि चहाच्या टपरीवर एकाच वाक्यात मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही भाषा ऐकू यायच्या. मी एकटीच. लग्न झालं नाही. आठवड्याचे सहा दिवस शाळेत जायचे. रविवार मात्र अंगावर यायचा.

तो प्रश्न लाडकूने सोडवला. लाडकू म्हणजे पुढे माझ्या शाळेत आलेल्या मंगलीचा बाप. तिशीतला, काटक, कमी बोलणारा. गावात तारपा तो वाजवायचा. तारपा म्हणजे वाळवलेल्या भोपळ्याचं, हातभर लांब तोंडाचं वाद्य. वाजवणारा मध्ये, आणि हातात हात गुंफून नाचणारे त्याच्याभोवती फिरणार. त्याच्याकडे पाठ करायची नाही, अशी रीत. गावात तो कुणीही उचलून फुंकत नाही. लाडकूच्या बापाकडे तो मान होता, बापानंतर लाडकूकडे आला. भात घरात आलं की त्याच्याशिवाय गावाचं पान हलत नसे.

एकदा मी त्याला एका पक्ष्याचं नाव विचारलं. त्याने वारली बोलीतलं नाव सांगितलं, त्याच्या आवाजाची नक्कल केली आणि हा पक्षी भल्या सकाळी ओरडला तर बायका पाण्याला जाताना काय म्हणतात, तेही सांगितलं. मी ते लिहून घेतलं. मग दर रविवारी मी खानवेलला उतरायची आणि तो मला रानात घेऊन जायचा. ऐनाचं झाड कुठलं, तिवसाचं कुठलं, धनेश पक्ष्याची ढोली कुठली, बिबट्याचा माग ओल्या मातीत कसा ओळखायचा, मोहाखाली अस्वल आलं होतं की गावातल्या गाई — सगळं. घरी येऊन मी ते वहीत उतरवायची. निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. चार वर्षांत ती भरली. आयुष्यात मी काही केलं असेल, तर ती वही.

मग बिवलकर आले. मुंबईचे. वयाने पन्नाशीचे, आवाज भरदार, गळ्यात दुर्बीण. हिवाळ्यात ते बसभर माणसं घेऊन यायचे — 'वन आणि लोकजीवन सहल'. शनिवारी सिल्वासा, हरणं, नदीकाठी जेवण. रविवारी पहाटे पक्षी, आणि दुपारी आमच्या गावात तारप्याचा नाच. कुणीतरी माझं नाव सांगितलं म्हणून ते शाळेत आले. "बाई, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हे सगळं टिकून आहे," म्हणाले. मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी त्यांना वही दाखवली. "नुसती चाळून परत करतो," म्हणाले. मी दिली.

वही तीन महिन्यांनी टपालाने परत आली. उघडून बघते, तर पानापानावर लाल पेन्सिल. माझं शुद्धलेखन त्यांनी दुरुस्त केलं होतं. मुलांच्या वह्यांवर मी करते तसं — ऱ्हस्व-दीर्घावर गोल, आणि समासात प्रश्नचिन्हं. मी स्वतःची समजूत घातली, अभ्यासू माणूस आहे, सवय असते.

पुढच्या हिवाळ्यात सहल आली तेव्हा सगळ्यांच्या हातांत एक पुस्तिका होती. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर धनेश. वर बिवलकरांचं नाव. आत माझी वाक्यं. माझी — दुसऱ्या कुणाची असूच शकत नव्हती. तांबट पक्ष्याबद्दल 'हा दिवसभर भांडी ठोकतो आणि एकही विकत नाही' असं मी गंमत म्हणून लिहिलं होतं, तेसुद्धा तसंच्या तसं होतं. शेवटच्या पानावर आभार. बसचालकाचे होते, विश्रामगृहाच्या खानसाम्याचे होते. आमचे? 'तसेच स्थानिक मदतनीसांचे.'

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, हे कळतं मला. त्या दिवशी तिथंच बोलले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी हसून "छान झालीय" म्हणाले. आणि त्याच सकाळी, रानात, तीस माणसांसमोर मी एका पक्ष्याचं वारली नाव सांगितलं, तेव्हा बिवलकरांनी मला हाताने थांबवलं. "बाई, उच्चार तसा नाही. पुस्तिकेत पान अकरा पाहा."

पान अकरा. माझ्या वहीतलं, त्यांनी चुकीचं वाचलेलं. लोकांनी पानं उलटली. एक जण म्हणाला, "बाईंनाही आपल्याकडून शिकायला मिळतंय." सगळे हसले. मीही हसले.

तुम्हाला कधी असं झालंय — की अपमानाच्या वेळी आपणच सगळ्यांत मोठ्यानं हसलो आणि मग ते हसणं घशात अडकून राहिलं? माझ्या ते दोन वर्षं अडकून राहिलं. दोन्ही वर्षं मी त्यांच्या सहलींना गेले. लोकांना वाटायचं, बाईंचा उत्साह बघा. उत्साह कसला! मी वाट बघत होते. कशाची, ते मला ठाऊक नव्हतं. पण हा माणूस एक दिवस कुठेतरी पाऊल चुकवेल आणि तेव्हा मी तिथं असायला हवी, एवढंच ठाऊक होतं.

तो दिवस आला. पौष संपत आला होता. रविवारची सकाळ, सहलीतली बरीच माणसं पाण्यावरचे पक्षी बघायला गेलेली. बिवलकर, मी आणि वाट दाखवायला लाडकू, असे तिघंच गावाच्या शिवेवरच्या देवाच्या थानाशी गेलो. थान म्हणजे देऊळ नव्हे. एक जुनं झाड, त्याखाली शेंदूर लावलेले दगड, आणि नवस फेडलेल्यांनी वाहिलेले मातीचे घोडे. काही इतके जुने की पाय झिजून गेलेले. पुढे एक नवा घोडा होता, वीतभर उंचीचा. तो मला माहीत होता. गावच्या पाटलाच्या सुनेचा. नऊ वर्षांनी तिला मूल झालं, त्याचा. तिच्या सासूने तो डोक्यावरून वाजतगाजत नेला तेव्हा मी शाळा सोडून बघायला गेले होते.

बिवलकरांनी नेमका तोच उचलला. फिरवून बघितला. "काय घाट आहे! बाई, एखादा नेला तर चालतो का हो?"

थानावरचं काही उचलून नेत नाहीत. पान पडलं तर पानसुद्धा नाही. हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. वहीतही लिहिलेलं होतं. पण ते पान त्यांनी पुस्तिकेत घेतलं नव्हतं, कारण त्यात पक्षी नव्हता.

मी म्हणाले, "न्या की. एकदा नवस फिटला की त्याचं त्यांना काही नसतं. पाहुण्याने नेला तर उलट आनंदच वाटतो."

हो. मीच म्हणाले. किती सहज आलं ते तोंडात! त्यांनी घोडा मफलरमध्ये गुंडाळून पिशवीत घातला. लाडकू दहा पावलांवर उकिडवा बसून काडीने पायातला काटा काढत होता. आमच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं — असं मी तेव्हा धरून चालले.

एवढ्यावर थांबले असते तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. घोडा मुंबईत एखाद्या काचेच्या कपाटात जाऊन बसला असता. पण मला तो कपाटात नको होता. मला तो पिशवीतून बाहेर निघालेला बघायचा होता, सगळ्यांसमोर. दुपारी गावात नाच सुरू झाला. मध्ये लाडकू गाल फुगवून वाजवत होता, पोरीबाळी फेर धरत होत्या, मुंबईची माणसं फोटो काढत होती. मी पाटलाच्या म्हाताऱ्या आईशेजारी जाऊन बसले. पणतवाची चौकशी केली. मग म्हणाले, "आजी, सकाळी थानावर गेले होते. तुमच्या नातसुनेचा घोडा दिसला नाही तो?"

म्हातारीने माझ्याकडे बघितलं, मग उठून मुलाकडे गेली. मी तिथंच बसून टाळ्यांचा ठेका धरला.

बस सुटायच्या बेतात होती, उन्हं अजून झाडांवर होती, तेव्हा दहा-पंधरा माणसं तिच्यासमोर येऊन उभी राहिली. आरडाओरडा नाही. पाटील शांतपणे म्हणाला, "देवाचा घोडा कुणी घेतला असंल, तर द्या."

बसमध्ये कुजबुज झाली. बिवलकर उतरले. त्यांना अजून कळलंच नव्हतं. त्यांनी हसत पिशवी उघडली, मफलर सोडला, घोडा काढला. "हा ना? अहो, मला बाईंनीच सांगितलं, की चालतो म्हणून."

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. आणि मी — कपाळाला आठी घालून, मुलाने खोटं उत्तर दिल्यावर बाई बघतात तशी बघत — म्हणाले, "मी? मी कशाला असं सांगेन? मला याच गावात रोज यायचंय."

काय तो त्यांचा चेहरा! मी तो पुरेपूर बघून घेतला. तोंड उघडं, दुर्बीण पोटावर लोंबते आहे, आणि हातात तो घोडा. आजही डोळे मिटले की तो चेहरा जसाच्या तसा येतो आणि मला गोड वाटतं. हे कबूल करायला लाज वाटते, असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल.

पण बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. बिवलकरांनी इकडेतिकडे बघितलं आणि बोट दाखवलं. "मग याने सांगितलं असेल. हाच होता आमच्याबरोबर."

बोट लाडकूकडे होतं. तारपा काखेत धरून तो गर्दीच्या कडेला उभा होता.

पाटलाने विचारलं, "लाडकू, तू होतास ना यांच्यासंगं? तू बोललास, न्या म्हणून?"

लाडकूने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, सांगता येणार नाही. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो फक्त बघत होता — मी काही बोलते का, ते. तेव्हा मला कळलं. त्याने सकाळी ऐकलं होतं. माझा शब्दन् शब्द.

मी मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"मी होतो तिथं," लाडकू म्हणाला. "मी बघाया पायजे होतं." एवढंच. 'बाई बोलल्या' असं तो म्हणाला नाही.

बिवलकरांना बूट काढायला लावले. पायमोजेही. घोडा दोन्ही हातांवर घेऊन, अनवाणी, काट्याकुट्यातून त्यांना थानापर्यंत चालवत नेलं. मागून त्यांचीच तीस माणसं. कुणी फोटो काढला, कुणीतरी हसलंही. थानासमोर त्यांना गुडघ्यांवर बसवून माफी मागायला लावली. त्यांच्या टाचा किती गोऱ्या, मऊ होत्या! आणि मी मागे उभी राहून मनात म्हणत होते, 'पान अकरा पाहा.'

त्यांची सहल पुन्हा कधी आली नाही. महिन्याभराने मला पत्र आलं, दोनच ओळींचं: मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता, तुम्ही असं का केलंत? मी उत्तर दिलं नाही. पत्र जपून ठेवलं. कधी मन उदास झालं की काढून वाचायची. हो, वाचायची. पुष्कळ वर्षं.

आणि लाडकू? गावाची बैठक बसली. मला बोलावलं नव्हतं, बोलवायचं कारणच नव्हतं. परक्यांना ज्याने थानावर नेलं आणि ज्याला देवाचं जपता आलं नाही, त्याच्या हातात गावाचा तारपा नको, असं ठरलं. तारपा त्याच्या चुलतभावाकडे गेला. पुढच्या हंगामात नाच झाला तेव्हा लाडकू घरात बसून होता. चुलतभावाचा दम कमी पडायचा, सूर मध्येच तुटायचा. लोक काही बोलत नसत, पण नाच लवकर मोडायचा.

मी तेव्हा जाऊन सांगू शकत होते. एक वाक्य. 'मी बोलले होते, लाडकू नाही.' गावाने मला काय केलं असतं? बदली मागावी लागली असती, फार तर. मग का नाही सांगितलं? पुष्कळ कारणं मी रचून पाहिली. एकही उभं राहत नाही. सांगितलं असतं तर बिवलकर निर्दोष ठरले असते — हे एक कारण मात्र खरं होतं. माझा सूड अर्धा कमी झाला असता. तो मला पुरा हवा होता, त्याची किंमत कुणी का मोजेना.

घोड्याच्या त्या प्रकारानंतरच्याच उन्हाळ्यात लाडकू शाळेत आला. मंगली चौथी पास झाली होती. सिल्वासात मुलींच्या वसतिगृहात तिला जागा मिळावी म्हणून शाळेची शिफारस लागत होती, आणि शिफारस करणार कोण? मीच. तो दारातच उभा राहिला. वर्गात दुसरं कुणी नव्हतं. मला राहवलं नाही. मी विचारलं, "लाडकू, त्या दिवशी थानावर... तुम्ही काही ऐकलं होतं का?"

त्याने हातातला कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"पोरीचा फारम भरा, बाई."

मला सगळं समजलं. तो गप्प का राहिला, ते. बाईंना खोटं पाडलं तर बाई पोरीचं काय करतील, हा हिशेब त्याने त्या गर्दीत, त्या एका क्षणात केला होता. आणि तो हिशेब चुकीचा होता, असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. बिवलकरांवर दोन वर्षं दात धरून बसलेली मी — मी काय केलं असतं, कुणास ठाऊक?

मी फॉर्म भरला. सुवाच्य अक्षरात. शिफारस अशी लिहिली की ती नाकारणं कुणाला शक्य नव्हतं. हे माझ्या बाजूने धरू नका. काम होतं माझं ते.

दोनेक वर्षांत लाडकू अथालकडच्या एका सुताच्या कारखान्यात लागला. नव्वदनंतर गावातली निम्मी माणसं तशीच कारखान्यांत गेली. तो एरवीही गेला असता का? असेल. पण तारपा सोडून गेला असता का? सकाळी सिल्वासाच्या बस-थांब्यावर तो पाळीला जाताना दिसायचा, खांद्यावर रुमाल, हातात डबा. तो लांबूनच हात जोडून "राम राम, बाई" म्हणायचा. नेहमी. मी पुढेपुढे दुसऱ्या थांब्यावरून बस धरायला लागले. चालणं चांगलं असतं, असं जोशीबाईंना सांगायची.

रविवारी रानात जाणं घोड्याच्या वर्षीच बंद झालं होतं. वही ट्रंकेच्या तळाशी. लाल पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत.

मंगली शिकली. नर्स झाली, सिल्वासातच नोकरीला लागली. नव्वदचं दशक सरता सरता मी निवृत्त झाले, तेव्हा शाळेने छोटासा कार्यक्रम केला. नारळ, शाल, मुलींचं स्वागतगीत. मंगली पांढऱ्या साडीत आली होती, ड्यूटीवरून तशीच. ती बोलायला उभी राहिली. म्हणाली, "माझा बाबा मला लहानपणापासून सांगतो, बाईंनी फॉर्म भरला नसता तर तू आज इथं नसतीस. बाईंना कधी विसरू नको." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाडकू मागच्या बाकावर बसला होता. केस पिकले होते, खोकत होता. टाळ्या त्यानेही वाजवल्या.

मग ती खाली उतरली, माझ्यापुढे वाकली आणि माझ्या पावलांना हात लावून तिने तो कपाळाला लावला.

पाय मागे घेता आला असता. सगळी तिथं होती — पाटील, त्याची सून, चुलतभाऊ, आणि नवसाचं ते मूल, आता दहा-बारा वर्षांचं. माईक समोर होता. मला तेव्हा 'दोन शब्द' बोलायचेच होते.

मी मंगलीच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा," म्हणाले. माईकवरून शाळेचे, गावाचे आभार मानले. एकेकाचं नाव घेतलं, लाडकूचंही. नंतर चहा आला. लाडकू कप घेऊन दाराशी उभा होता, म्हणून मी वर्गाच्या दुसऱ्या दाराने बाहेर पडले आणि जीपमध्ये जाऊन बसले.